पूनम सागरचे दोघे आणि दोर्दोन्यची चढण

“मॅडम, टिपणीस कुठाय?”

राणे कॉफी मशिनच्या मागून विचारत होते. मागून म्हणजे खरंच मागून. मशीन आणि भिंत यांच्यात जेवढी जागा होती तेवढ्यात ते उभे होते, हातात रिकामा कप.

“रूममध्ये आहेत. आंघोळ करतायत,” मी म्हटलं.

“नक्की?”

वरून टिपणीसांचं नाट्यगीत ऐकू येत होतं. मी नुसतं छताकडे बोट दाखवलं.

“मग एक मिनिट बाहेर या.”

बाहेर हॉटेलचं अंगण होतं. त्यापलीकडे अक्रोडाची झाडं आणि त्यांच्या खाली दोर्दोन्य नदी. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला ही नदी द्राक्षमळ्यांच्या मधून निवांत वळणं घेत जाते. आम्ही सायकलींवर तिच्या काठाकाठाने चाललो होतो. अंगणात आमच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. राणेंनी आपल्या सायकलीकडे पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे, आणि हळूच म्हणाले, “मला बॅटरीवाली पाहिजे. उद्या नाही, आज. आणि टिपणीसला कळता कामा नये.”

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी टूर मॅनेजर. आमचं ऑफिस मीरा रोडला, मी राहते नवघरला. एवढी वर्षं मी लोकांना बसमधून युरोप दाखवलं. टूर मॅनेजर म्हणजे डोकी मोजणारी, हरवलेल्या किल्ल्या शोधणारी आणि लोणचं कोणाच्या बॅगेत आहे हे लक्षात ठेवणारी बाई. सायकल टूर आमच्या कंपनीने कधी केली नव्हती. मग मीरा रोडच्या एका सायकल ग्रुपने विचारलं आणि आमचे बॉस हेमलभाई लगेच हो म्हणाले.

“म्हात्रेबेन, सोपं आहे. बस के बदले सायकल. बाकी सेम टूर.”

“हेमलभाई, पंक्चर झालं तर?”

“बस को नहीं होता क्या?”

“पण मीच का?”

“ऑफिसमध्ये सायकल कोणाला येते? तुम्हालाच येते.”

ते खरं होतं. माझं माहेर मोरव्याचं. मिठागरांच्या बांधांवर आम्ही पोरं सायकल शिकलो. बांध एवढा अरुंद की तोल गेला की थेट खाऱ्या पाण्यात. तिथे शिकलेल्याला फ्रान्सचे रस्ते काहीच नाहीत. आईला मात्र ही टूर शेवटपर्यंत पटली नाही. “सायकलच चालवायची तर हितं रस्ते न्हाय का? तिथं काय सोनं हाय?” सोनं न्हाय, द्राक्षं हाय, असं सांगितल्यावर ती म्हणाली, द्राक्षं तर भाजीवाला पण आणतो.

ग्रुपमध्ये सहा जण. त्यातले चौघे तरुण, ते सकाळी निघाले की थेट जेवायला भेटत. उरलेले दोघे म्हणजे राणे आणि टिपणीस. राणे विमा कंपनीतून रिटायर झालेले, टिपणीस टेलिफोन खात्यातून. पूर्वी दोघे गिरगावात शेजारी होते. एकाने मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये ब्लॉक घेतला, दुसऱ्याने तिथेच समोरच्या बिल्डिंगमध्ये घेतला. दर रविवारी दोघे सायकलने उत्तनला जातात. उत्तनची टेकडी आधी कोण चढलं यावर पुढचा रविवार येईपर्यंत वाद चालतो. निकाल कधीच लागत नाही, कारण साक्षीदार नसतो. फ्रान्समध्ये त्यांना साक्षीदार मिळाली. मी.

सायकल टूरमध्ये सगळ्यांच्या मागे एक जण राहतो. त्याला स्वीप म्हणतात. झाडू मारल्यासारखं शेवटच्या माणसाला गोळा करत यायचं. ते काम माझं. मला त्यासाठी लाल रंगाची लेडीज ई-बाईक दिली होती, पुढे बास्केटसकट. ई-बाईक म्हणजे स्कूटर नव्हे. पॅडल मारावंच लागतं. तुम्ही एक आणा जोर लावलात की मोटर त्यात दोन आणे घालते. सामानाची व्हॅन चालवायला आणि सायकली दुरुस्त करायला ल्यूक नावाचा तिथलाच एक गृहस्थ होता. त्याला थोडं इंग्लिश येत होतं आणि बोलण्याची फारशी हौस नव्हती.

पहिला दिवस नदीकाठचा, सपाट. दोघे हवेत होते. दुसऱ्या दिवशी रस्ता नदी सोडून मळ्यांमधून वर चढायला लागला. द्राक्षांच्या ओळी टेकडीवर चढत गेलेल्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं एक झाड. मला वाटलं शोभेसाठी. ल्यूक म्हणाला, रोग आधी गुलाबावर दिसतो, मग द्राक्षं वाचवायला वेळ मिळतो. त्या दिवशी गुलाब ठीक होते. राणे आणि टिपणीस ठीक नव्हते. दोघे दर वळणावर थांबत होते. राणे म्हणायचे, फोटो काढतोय. टिपणीस म्हणायचे, टायरमधली हवा बघतोय. एवढ्या वेळा हवा बघितलेला टायर मी आयुष्यात पाहिला नाही.

म्हणून राणेंनी बॅटरीवाली मागितली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पण ते तेवढंच नव्हतं.

“मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली,” ते म्हणाले. “डॉक्टरने सायकलला परवानगी दिलीये. फक्त चढावर दम लागेपर्यंत ताणायचं नाही, असं सांगितलंय.”

“टिपणीसांना माहीत नाही?”

“त्याला वाटतं मी महिनाभर कुडाळला घराचं छप्पर करायला गेलो होतो.”

“अहो, जवळचा मित्र तुमचा.”

“म्हणूनच. कळलं तर तो मला उत्तनच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बसवेल आणि एकटा वर जाऊन येईल. वर परत म्हणेल, राण्या, तू बस हां, दगदग नको. मला नको ते.”

मी हेमलभाईंना फोन लावला. एवढं सांगणं भाग होतं.

“हार्ट पेशंट?” ते ओरडले. “व्हॅनमध्ये बसवा! खिडकीतून द्राक्षं दाखवा!”

“डॉक्टरांचं फिटनेस आहे त्यांच्याकडे. मी पाहिलं. ई-बाईक दिली तर त्रास होणार नाही. मी त्यांच्या मागेच असेन.”

“पक्का?”

“पक्का.”

“बेन, ते परत आले पाहिजेत. रिव्ह्यू चांगला नाही दिला तरी चालेल.”

मग मी ल्यूकला गाठलं. एका गेस्टसाठी ई-बाईक हवी, साध्या सायकलीसारखी दिसणारी, आणि दुसऱ्या गेस्टला कळू द्यायचं नाही. ल्यूक हसला. मी दोन दिवसांत त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. का हसला ते तेव्हा कळलं नाही. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, मी कोणाला काही सांगत नाही.”

तासाभरात तो सायकल घेऊन आला. काळी, बारीक, बाकीच्यांसारखीच. बॅटरी फ्रेमच्या तिरक्या नळीच्या आत लपलेली. हँडलखाली एक बटण आणि एक छोटा दिवा, किती चार्ज उरलाय ते दाखवणारा. राणेंनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. टिपणीसला संशय नको.

तो दिवस बघण्यासारखा होता. राणे चढावर गुणगुणत होते. पण नवल म्हणजे टिपणीसही गुणगुणत होते. आदल्या दिवशी कण्हणारा माणूस आज मळ्यांकडे हात करून मला द्राक्षाच्या जाती विचारत होता. हँडलला त्यांनी मोठा रुमाल बांधला होता, घाम पुसायला म्हणे. घाम काही दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, माणसाचं शरीर काय चीज आहे बघा, एका रात्रीत सवय झाली.

जेवताना दोघे एकमेकांकडे जरा आदराने बघत होते.

“टिप्या, आज तू बरा होतास,” राणे म्हणाले.

“काल झोप नीट झाली. तू पण बरा होतास.”

“हवा मानवली.”

“मला पण हवाच मानवली.”

ल्यूक चीज कापत होता. त्याने मान वर केली नाही.

त्या मुक्कामाला हॉटेल जुनं, दगडी. सायकली तळघरात ठेवायच्या, जिथे पूर्वी वाईनची पिंपं असायची. जेवणाआधी मी राणेंची सायकल तिथे चार्जिंगला लावली. अख्ख्या तळघरात एकच सॉकेट होतं; माझ्या सायकलीची बॅटरी सुटी निघायची, ती मी खोलीत चार्ज करायचे. सायकल ओळखू येऊ नये म्हणून मी तिच्यावर कोपऱ्यात पडलेली ताडपत्री टाकली आणि वर आले. सकाळी उतरून बघितलं. ताडपत्री जागेवर, प्लग जागेवर. मी निर्धास्त झाले.

त्या दिवशी टूरमधली सगळ्यात मोठी चढण होती. नदीवरून टेकडीच्या माथ्यावरच्या गावात जायचं. त्या गावाचं नाव फ्रेंच लोक अर्धं गिळून म्हणतात, म्हणून आम्ही त्याला नुसतं वरचं गाव म्हणत होतो. चौघे तरुण पुढे गेले. ल्यूक व्हॅन घेऊन जेवणाची सोय करायला वर गेला. टिपणीस निघाले आणि पहिल्या वळणावरच दिसेनासे झाले. मागे राणे, त्यांच्या मागे मी.

अर्ध्या चढावर राणेंची सायकल मंदावली. त्यांनी बटण दाबलं. परत दाबलं. मग पॅडलवर उभे राहिले.

“राणेसाहेब, थांबा!”

“काहीतरी अडकलंय,” ते म्हणाले आणि तरीही दोन-चार पॅडल मारलीच.

बॅटरी संपलेली ई-बाईक ही साध्या सायकलीपेक्षा वाईट गोष्ट. मोटर आणि बॅटरी यांचं वजन तसंच राहतं, फक्त ते आता तुम्ही ओढायचं. मी पुढे जाऊन त्यांचं हँडल धरलं. चेहरा उतरला होता, शर्ट भिजला होता. मी त्यांना रस्त्याकडेच्या दगडी भिंतीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं.

“छातीत दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“आईशप्पथ नाही. दम लागलाय फक्त. खिशात गोळी आहे, लागली तर सांगतो.”

मी हँडलवरची पट्टी ओढून काढली. दिवा विझलेला होता. रात्रभर चार्जिंगला असलेली बॅटरी संपते कशी, ते मला कळेना. ल्यूकला फोन लावला. लागेना. तिथे टेकडीच्या पोटात रेंजच नव्हती.

“माझी सायकल घ्या,” मी म्हटलं. “हळूहळू वर जाऊ. मी तुमची ढकलत आणते.”

राणेंनी माझ्या लाल सायकलीकडे पाहिलं. बास्केटकडे पाहिलं. बास्केटमध्ये माझी फुलाफुलांची टोपी होती.

“ही? लेडीज?”

“राणेसाहेब, इथे तुम्हाला कोण ओळखतं?”

“वर टिपणीस उभा असेल ना.”

मला हसू येत होतं, पण हसायची वेळ नव्हती. हेमलभाईंना मी पक्का म्हटलं होतं. रस्त्यावर एक गाडी नाही, माणूस नाही. दोन्ही बाजूंना नुसती द्राक्षं, काळी, तोडणीला आलेली. हा माणूस इथे आडवा झाला तर मी कोणत्या भाषेत कोणाला हाक मारणार? मी मनात ठरवलं, अजून थोडा वेळ बघायचं, मग टोपीसकट लाल सायकलीवर बसवायचं, रडले तरी चालेल.

तेवढ्यात वरून ब्रेकचा आवाज आला. टिपणीस. वळणावरून उतरत येत होते, रुमाल फडफडत.

“राण्या! किती फोटो काढतोस? मी वर जाऊन कंटाळलो...” असं म्हणत ते जवळ आले आणि राणेंचा चेहरा बघून गप्प झाले. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली नाही, सोडूनच दिली. “काय झालं रे?”

“काही नाही. दमलो.”

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर पाण्याच्या बाटलीकडे वळवली. मला सांगायला परवानगी नव्हती.

टिपणीसांनी आपली पडलेली सायकल उचलली आणि राणेंच्या पुढ्यात आणून उभी केली.

“ही घे. बस हिच्यावर.”

“तुझी घेऊन काय होणार? चढण तीच आहे ना.”

टिपणीसांनी हँडलचा रुमाल सोडला. खाली छोटा दिवा हिरवागार पेटलेला होता.

“बटण आहे हिला,” ते म्हणाले. दुसरीकडेच बघत. “वरचं दाब. तिसऱ्या नंबरवर ठेव. मग काही करावं लागत नाही.”

राणे दिव्याकडे बघत राहिले.

“गुडघे गेलेत माझे,” टिपणीस म्हणाले. “उत्तनला मी कसाबसा चढतो. तू पुढे असतोस ना, म्हणून तुला दिसत नाही. परवा ल्यूकला सांगून ही मागवली. हस आता. पाहिजे तेवढा हस.”

राणे हसले नाहीत. उठले, टिपणीसांच्या सायकलीवर बसले. टिपणीसांनी ढकलत नेण्यासाठी राणेंची सायकल धरली, उचलून रस्त्यावर घेतली आणि थबकले.

“राण्या, ही एवढी जड का?”

“तिलाही बटण आहे,” राणे म्हणाले. “चालत नाहीये.”

माझ्याच्याने राहवलं नाही. मी भिंतीवर बसून हसले. ते दोघेही हसले. राणे एवढे हसले की मला परत त्यांची काळजी वाटायला लागली. ल्यूकचं हसू मला आत्ता कळलं. दोन माणसांनी त्याला एकच गुपित सांगितलं होतं आणि त्याने दोघांचा शब्द पाळला होता.

मग टिपणीसांचा चेहरा एकदम बदलला.

“तळघरात ताडपत्रीखाली एक सायकल होती,” ते म्हणाले. “मला वाटलं हॉटेलवाल्यांची. जेवणानंतर मी तिचा प्लग काढून माझा लावला. सकाळी लवकर उठून परत तिचा लावला, कोणाला कळू नये म्हणून.” त्यांनी राणेंकडे पाहिलं. “ती तुझी होती?”

राणेंनी मान हलवली.

“पण तुला एवढं दमायला काय झालं? परवापर्यंत साध्या सायकलवर तर...”

तेव्हा राणेंनी सांगितलं. कुडाळचं छप्पर, हॉस्पिटल, सगळं. टिपणीस ऐकत होते. मला वाटलं ते धीर देतील. ते भडकले.

“महिनाभर! महिनाभर मी तुझ्या बिल्डिंगखालून जाताना वर बघत होतो. वहिनी म्हणाली नेटवर्क नाही गावाला. मी म्हटलं राण्या माझ्यावर रागावलाय. मी काय बोललो असेन ते आठवत बसलो! आणि तू मीरा रोडच्याच हॉस्पिटलात?”

“तुला सांगितलं असतं तर तू...”

“तर मी डबा आणला असता! काय केलं असतं दुसरं?”

टिपणीसांनी डोळे पुसले, त्याच रुमालाने, आणि म्हणाले, “चल. हळू. तिसऱ्या नंबरवर.”

आम्ही वर गेलो. पुढे राणे, अगदी सावकाश. त्यांच्या बाजूने टिपणीस, मेलेली सायकल ढकलत आणि न थांबता बोलत. गुडघे दुखत असणारच, पण बोलणं थांबलं नाही. मागे मी. वळणावर गावाची वेस दिसली तेव्हा ल्यूक व्हॅन घेऊन खालीच यायला निघाला होता. त्याने सायकलींची अदलाबदल पाहिली आणि काहीही न विचारता टिपणीसांच्या हातातली सायकल व्हॅनवर चढवली.

वरच्या गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ईसीजी काढला, बीपी बघितलं, गोळ्यांची नावं वाचली. ल्यूकने मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, हार्ट गुड, एक दिवस आराम, पाणी पिणे. टिपणीस बाहेरच्या बाकावर बसले होते. मी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “लिहून दिलंय का? नाहीतर हा मला काहीही सांगेल.”

मी हेमलभाईंना फोन केला.

“परत येतायत ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

“येतायत.”

“मग आता दोघांना बॅटरीवाली द्या. आणि बेन, तुम्ही पण पाणी प्या. आवाज कापतोय तुमचा.”

दुसऱ्या दिवशी चौघे तरुण पुढे गेले आणि हे दोघे नदीकाठी एका झाडाखाली बसून राहिले. मी दोनदा बघून आले. एकदा भांडत होते, एकदा झोपले होते.

त्यानंतरचे दिवस ते सगळ्यांसमोर ई-बाईकवर होते. रुमाल नाही, चिकटपट्टी नाही. चार्जिंगला सायकली शेजारी शेजारी. ल्यूकने कुठून तरी एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. फक्त टिपणीस आता राणेंच्या पुढे जात नव्हते. चढ असो की सपाट, कायम मागे. राणेंना जे नको होतं नेमकं तेच. एकदा ते वैतागून थांबले.

“टिप्या, जा ना पुढे. मी काचेचा नाहीये.”

“तुझ्यासाठी कोण थांबतंय?” टिपणीस म्हणाले. “मॅडमना विचार. पुढच्याच्या पाठीमागे राहिलं की वारा लागत नाही. मेहनत वाचते. माझा स्वार्थ आहे.”

राणेंनी माझ्याकडे पाहिलं. हे खरं आहे, मी सांगितलं. सायकलवाले त्याला ड्राफ्टिंग म्हणतात, पुढचा वारा कापतो आणि मागच्याचं फावतं. त्या दिवशी वारा नव्हता, ते मी सांगितलं नाही.

हेमलभाईंच्या कंपनीने पुढच्या वर्षी परत ही टूर ठेवली. निघण्याआधी ड्रायव्हर, मी आणि हेमलभाई अशी मीटिंग होते आणि त्यात मी दोनच गोष्टी पक्क्या करून घेते. गेस्टने आपल्यापैकी कोणालाही काही खासगी सांगितलं तर ते तिघांना माहीत असलं पाहिजे. आणि हॉटेल बुक करताना नाश्ता, लिफ्ट आणि नदीचा व्ह्यू यांच्याआधी विचारायचं, तळघरात सॉकेट किती आहेत.